जागा वाढल्या, अंथरुणं कुठे आहेत?



चातुर्मास बसला की आपल्याकडे दोन चौकश्या एकदमच सुरू होतात. या वर्षी कुठल्या गावी कोणत्या महाराजांचा, कोणत्या माताजींचा चातुर्मास आहे ही एक, आणि "पोरीचा नंबर कितव्या राउंडला, कुठल्या कॉलेजात लागला?" ही दुसरी. पहिलीचं उत्तर मिळालं की आपण दर्शनाचा दिवस ठरवतो. दुसरीचं उत्तर मिळालं की पेढे वाटून होण्याआधीच तिसरा प्रश्न येतो, "पुण्यात मुलींसाठी एखादी चांगली खोली आहे का हो तुमच्या माहितीत?"

हा तिसरा प्रश्न मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे की तो आता एकेका घराचा राहिलेला नाही. आपण मात्र त्याला खोली शोधायची अडचण समजतो. ओळखीपाळखीत फोन फिरवतो, कुणाच्या तरी नणंदेच्या जावेच्या इमारतीत एक कॉट रिकामी आहे असं कळतं आणि सुटलो म्हणतो. पण मुळात अडचण वेगळी आहे. कॉलेजांनी जागा वाढवल्या आणि त्या मुलांनी रात्री पाठ टेकायची कुठे, हे कुणी मोजलं नाही. त्याचा खर्च आपल्या घरांवर येतो, आणि घरात तो बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येतो. म्हणून आज यावर लिहायचं ठरवलं.

आधी हे झालं कसं ते पाहू. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांना किती मुलं घ्यायची याची मंजुरी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते. आपण तिला एआयसीटीई म्हणतो. एका शाखेत किती जागा असाव्यात याला पूर्वी वरची मर्यादा होती. 2024-25 पासूनच्या तीन वर्षांसाठी परिषदेने जे नियम काढले, त्यांत चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी ही मर्यादा उठवली. मग काय, कॉम्प्युटर आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या तुकड्या वाढू लागल्या. आज राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा सुमारे दोन लाखांवर गेल्या आहेत, आणि त्यांचा मोठा वाटा पुणे विभागात आहे.

तुकडी वाढवणं कॉलेजाला तसं सोपं असतं. एका मोठ्या हॉलला मधे पार्टिशन घालायचं, संगणक आणायचे, शिक्षक नेमायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काम होऊन जातं. वसतिगृहाचं तसं नसतं. त्याला जमीन लागते, परवानग्या लागतात, पाणी लागतं, मुलींचं असेल तर वॉर्डन आणि पहारा लागतो, आणि बांधकामाला वर्षं जातात. शिवाय वर्गातल्या मुलाकडून फी येते, वसतिगृहातल्या मुलाची जबाबदारी येते. त्यामुळे जागा आधी वाढतात आणि पलंग नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही.

आपण बायका हिशेबाला पक्क्या, म्हणून एक हिशेब करून बघा. एका कॉलेजात एक तुकडी वाढली म्हणजे 60 मुलं वाढली असं वाटतं. पण अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी 60, दुसऱ्या वर्षी 120, तिसऱ्या वर्षी 180 आणि चौथ्या वर्षी 240. त्यांतली निम्मी जरी बाहेरगावची धरली तरी 120 पलंग हवेत. एका खोलीत तिघी म्हटलं तरी 40 खोल्या झाल्या. एका तुकडीच्या! आणि अशा तुकड्या एका वर्षी कितीतरी कॉलेजांनी वाढवल्या. दहा पाहुण्यांना आमंत्रण देऊन पाट पाचच मांडले तर आपल्याला सासूबाईंनी काय ऐकवलं असतं? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं. इथे पाय पसरले कॉलेजांनी आणि अंथरूण शोधत फिरतोय आपण.

मागणी एकदम वाढली की काय होतं तेही बघा. पुण्यात एखादा दोन बेडरूमचा फ्लॅट कुटुंबाला 25,000 रुपयांनी जात असेल, तर तोच कॉट बेसिसवर सहा मुलींना 7,000 रुपयांनी दिला की 42,000 होतात. मालक कुणाला देईल? मग कुटुंबालाही त्या भागात घर मिळेनासं होतं, आणि मिळालंच तर भाडं वाढलेलं असतं. म्हणजे कॉलेजाच्या गेटबाहेर दोन-तीन किलोमीटरपर्यंत, ज्यांचा त्या कॉलेजाशी काही संबंध नाही अशा घरांनाही ही झळ लागते. कोथरूड, कर्वेनगर, आंबेगाव, आकुर्डी या भागांत ज्यांनी नुकतं घर भाड्याने शोधलं असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आता आपल्या घरात हे कसं उतरतं ते सांगते. माझी एक मावसबहीण सांगली जिल्ह्यात असते. भाऊजींचं छोटं किराणा दुकान आहे. तिच्या लेकीला पुण्यात चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. राज्य सरकारने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ज्यांच्या घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे अशा मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ही मुलगी त्यात बसत होती. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. मग पीजीचा आकडा आला. महिना 8,000, अकरा महिन्यांचं लॉक-इन, दोन महिन्यांचं डिपॉझिट. वर्षाचे 88,000 झाले. भाडं चार वर्षं तेवढंच राहिलं असं धरलं तरी 3,52,000. फी माफ आणि राहणं साडेतीन लाख! मुलीने शेवटी घराजवळच्या कॉलेजात दुसऱ्या शाखेला प्रवेश घेतला. तिच्या मोठ्या भावासाठी मात्र तीन वर्षांपूर्वी कर्ज काढलं होतं. मावसबहीण मला म्हणाली, "ताई, दोघांचं कर्ज कसं पेलणार? आणि ती काय, जवळ राहिली तर बरंच की." यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण हे 'बरंच की' नेहमी मुलीच्याच वाट्याला का येतं, हे आपण एकमेकींना विचारायला हवं. सरकारने फी माफ करून जे दार उघडलं, ते पीजीच्या भाड्याने परत लावून घेतलं.

सरकारलाही राहण्याचा खर्च किती येतो याचा अंदाज आहे असं दिसत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी तिच्यात वर्षाला 60,000 रुपये ठरवले गेले, आणि त्यातले निवासाचे 20,000. म्हणजे महिन्याला 1,700 रुपयांच्याही आत. 1,700 रुपयांत पुण्यात मुलीला पलंग कुठे मिळतो हे कुणाला माहीत असेल तर मलाही सांगा.

आपल्या मुलींना आणखी एक भुर्दंड पडतो, तो बाहेरच्यांच्या लक्षातही येत नाही. पीजीत मेस सक्तीची असते. जेवण रात्री साडेआठ-नऊला वाढतात, भाजीत कांदा-बटाटा असतो. ज्या मुलीने रात्रिभोजनाचा त्याग केला आहे ती मेसचे पैसे भरते आणि संध्याकाळी साडेसहाला घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन पाणी पिते. किंवा वेगळा डबा लावते आणि दोनदा पैसे देते. काही मुली महिन्या-दोन महिन्यांत नियम सोडतात. त्यांना आपण नावं ठेवतो. त्यांना नियम पाळता येईल अशी राहायची जागा आपण दिली होती का, हे विचारत नाही.

कुणी म्हणेल, जागा वाढल्या हे चांगलंच झालं, जास्त मुलांना शिकायला मिळालं. मलाही ते मान्य आहे. जागा कमी करा असं माझं म्हणणं नाही. कमी केल्या तर आधी गावाकडच्या आणि गरीब मुली बाहेर राहतील. माझं म्हणणं एवढंच की जागेबरोबर पलंगही मोजा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या नियमांत वसतिगृह पूर्वीपासून महत्त्वाचं धरलं आहे, मग इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटसाठी जागा वाढवून मागताना "बाहेरगावच्या मुलांची सोय काय?" हा प्रश्न तितकाच कडकपणे का विचारू नये?

परदेशात मुलं पाठवणाऱ्या आपल्या घरांनी याची दुसरी बाजूही पाहिली आहे. कॅनडात कॉलेजांनी परदेशी विद्यार्थी भरमसाट घेतले, त्यांत आपली भारतीय मुलं सर्वांत जास्त. राहायला घरं नव्हती, तळघरात गर्दी करून मुलं राहू लागली. शेवटी 2024 च्या जानेवारीत तिथल्या सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे 3,60,000 परवाने, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कमी. घरांची टंचाई हे एक कारण त्यांनी उघड सांगितलं. वेळेवर मोजलं नाही की असं अचानक दार बंद करावं लागतं, आणि चूक कॉलेजांची असली तरी दाराबाहेर मुलंच राहतात.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी तो आपल्याहून जास्त स्वच्छ पाहिला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या लक्षात आलं की कोल्हापुरात शाळा-कॉलेज आहे, पण खेड्यातल्या पोराला तिथे राहायला जागा नाही, म्हणून तो शिकत नाही. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच सुमारास आपलं जैन बोर्डिंग उभं राहिलं, आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं होत गेली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली 1899 मध्ये, आणि तिने सुरुवातीपासून बोर्डिंगचं काम हाती घेतलं. श्वेतांबर समाजात आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय निघालं. नाव विद्यालय, पण मुख्य काम बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना राहायला-जेवायला देण्याचं. मुलींसाठी आणि विधवांसाठी दानवीर शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी आयुष्य त्याच कामाला दिलं. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. शाळेचं दार उघडं असणं पुरेसं नाही, पोराला रात्री टेकायला जागा हवी.

कोल्हापूरच्या त्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहिले होते, आपले कर्मवीर. आणि तिथूनच त्यांना बाहेरही पडावं लागलं. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, हे त्याचं कारण सांगितलं जातं. पुढे 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह सुरू केलं. आपल्या बोर्डिंगने काय दिलं आणि काय देता देता राहिलं, दोन्ही यात आहे. म्हणून बोर्डिंगची गोष्ट निघाली की 'फक्त आपल्यांसाठी' असं म्हणताना मी जरा थांबते.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या सेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगच्या जागेची विक्री गाजली. समाज रस्त्यावर उतरला, मोर्चा निघाला, आणि शेवटी तो व्यवहार रद्द झाला. आपण सगळ्यांनी मंदिर वाचलं म्हणून हात जोडले, आणि ते योग्यच होतं. पण मोर्च्यात गेलेल्या आपल्यापैकी किती जणींनी नंतर विचारलं, की तिथे आज किती मुलं राहतात? आणखी किती राहू शकतील? मुलींसाठी तशी सोय कुठे आहे? जमीन वाचवणं हे अर्धं काम झालं. त्या जमिनीवर पलंग वाढणं हे उरलेलं अर्धं.

आपल्या धर्मात याला आधार शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपण चार दानं म्हणतो तेव्हा सहसा आहार, औषध, शास्त्र आणि अभय म्हणतो. पण आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात चार दानांत आहार, औषध आणि उपकरणाबरोबर चौथं आहे ते आवास. राहायला जागा देणं. ते मुनी आणि व्रतींच्या सेवेसंदर्भात सांगितलं आहे हे खरं, विद्यार्थिनीला लावणं हा माझा अर्थ. पण ज्ञानासाठी घर सोडून निघालेल्या जिवाला निवारा देणं त्या भावनेपासून दूर आहे, असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट शय्यातराची. साधूंना ज्याने राहायला जागा दिली, त्याच्या घरचा आहार साधू घेत नाहीत. निवारा देणाऱ्यावर दुसरा भार नको, इतका बारीक विचार. आज उलटं आहे. जो निवारा देतो तोच राहणाऱ्यावर भार टाकत जातो. भाडं वेगळं, सक्तीची मेस वेगळी, लाइट बिल वेगळं, आणि जाताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापलेलं.

आणि मैत्रिणींनो, हा मालक प्रत्येक वेळी कुणी परका नसतो. पुण्यात, सांगलीत, कोल्हापुरात आपल्यापैकी अनेकींच्या घरी दुसरा फ्लॅट आहे. भाडं घेण्यात काही पाप नाही, हप्ते असतात, कुणाचं म्हातारपण त्यावर चालतं. पण भाड्याला एक न्याय असावा. मागणी वाढली म्हणून ऐन प्रवेशाच्या महिन्यात दोन हजार वाढवणं हे न्यायाने मिळवलेलं धन म्हणता येईल का? आणि तो फ्लॅट कुलूप लावून ठेवला असेल तर परिग्रह परिमाण व्रताची यादी आठवा. क्षेत्र आणि वास्तू, हीच नावं तिथे सुरुवातीला येतात. सोनं मोजताना आपण लक्ष देतो, बंद घरं मोजत नाही.

मग करायचं काय? घरापासून सुरुवात करू. प्रवेश घेताना आपण प्लेसमेंट विचारतो, तसंच विचारायचं, की मुलींसाठी पलंग किती, पहिल्या वर्षानंतर काढून टाकता का, मेस सक्तीची आहे का. चार आया हे विचारू लागल्या की कॉलेजाला उत्तर तयार ठेवावं लागतं. पीजी घेताना डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार हे कागदावर घ्या, पावती घ्या. कुणी जीएसटी लावून बिल देत असेल तर विचारा, कारण महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या अशा राहण्यावर तो लागू नये असा निर्णय 2024 च्या जूनमध्ये जीएसटी परिषदेत झाला आहे.

मग समाज. पर्वात आपल्याकडे बोल्या लागतात, आणि लाखांनी लागतात. त्यात एक बोली पलंगाची ठेवा. एका मुलीचं एका वर्षाचं राहणं आणि सूर्यास्ताआधीचं जेवण. बोर्डिंगच्या वार्षिक सभेला जा. खुर्च्या मागे असतात, तरी जा. विश्वस्त मंडळात बायका किती आहेत ते विचारा, कारण मुलींच्या वसतिगृहाचा विषय ज्या टेबलावर निघतो तिथे बहुतेक वेळा एकही आई बसलेली नसते. आणि समाजाच्या संस्थांनी सरकारला निवेदन द्यावं की जागा वाढवायची मंजुरी देताना पलंगांचा आकडा घ्या. मोर्चा काढता येतो हे आपण दाखवलं आहे, निवेदन तर त्याहून सोपं.

हे सगळं झालं तरी भाडी एका वर्षात उतरणार नाहीत, हे मला कळतं. पण पुढच्या वर्षी कुणाच्या तरी लेकीची जागा केवळ पलंगासाठी जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. या दशलक्षणात, या पर्युषणात आपल्या मंदिरातल्या ट्रस्टींना एवढंच विचारा, की आपल्या समाजाने मुलींसाठी पुण्यात किती पलंग ठेवले आहेत? जे उत्तर मिळेल ते एकमेकींना सांगा.

जय जिनेंद्र.